राणीच्या बागेत काचा नव्या आल्या, पण काचेमागचं काय? कर्जत-खालापूरनं विचारायचे काही प्रश्न

मोहोपाडा : दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की कर्जत-खालापूरकडच्या शाळांत सहलीची बोलणी सुरू होतात. एसटीची सवलतीची गाडी, पालकांची संमतीपत्रं, माणशी किती जमा करायचे आणि जायचं कुठं. किल्ला, समुद्र आणि राणीची बाग ही तीन नावं हमखास निघतात. त्यातली राणीची बाग लहान वर्गांच्या वाट्याची. घरच्या घरी जाणाऱ्यांनाही ती सोयीची, कारण कर्जतहून सुटणारी जलद लोकल भायखळ्याला थांबते. रसायनी-मोहोपाड्याकडची मंडळी पनवेल गाठून हार्बरनं जातात आणि पुढं बस धरतात.

गेल्या दहा वर्षांत ही बाग पार बदलली. गज गेले, जाड काचा आल्या. पेंग्विन आले, वाघ आले, माणसानं आत चालत जावं असा पक्ष्यांचा मोठा पिंजरा झाला. पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपये झालं. पालिकेनं भरपूर पैसा ओतला आणि लोकांनी गर्दी करून पावती दिली. त्यामुळे 'नूतनीकरण यशस्वी' असं म्हणून मोकळं होता येईल. पण जुनं प्राणिसंग्रहालय नवं करणं म्हणजे नेमकं काय करणं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही. आणि तो फक्त मुंबईकरांचा प्रश्न नाही. आपल्या दोन तालुक्यांत प्राणिसंग्रहालय नसलं तरी वन्यप्राणी आहेत, जखमी होणारे प्राणी आहेत, फार्महाऊस आणि रिसॉर्टवर पिंजऱ्यात ठेवलेले पक्षीही आहेत. म्हणून हे सगळं जरा मुळापासून बघू.

बाग आधी, प्राणी नंतर

राणीची बाग १८६१ मध्ये उभी राहिली आणि १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन. ती मुळात झाडांची बाग होती, प्राणी नंतर आले. आजचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय. पन्नासेक एकरांत तीन हजारांवर झाडं आहेत, त्यात गोरखचिंचेसारखे जुने वृक्षही आहेत. आवारातल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती आहे, तो आपल्या रायगडचा, उरण तालुक्यातल्या घारापुरीचा. त्याच्यावरूनच इंग्रजी-पोर्तुगीज मंडळींनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. तो हलवताना १८६४ मध्ये तुटला आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडून उभा केला. सहलीला जाणाऱ्या गुरुजींनी हा हत्ती पोरांना जरूर दाखवावा. पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या गर्दीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तर प्राण्यांकडे येऊ. जुने पिंजरे ज्या काळात बांधले त्या काळात दोनच गोष्टी पाहिल्या जात. प्राणी माणसाला जवळून दिसला पाहिजे आणि पिंजरा पाण्यानं धुता आला पाहिजे. म्हणून सिमेंटची फरशी, तीन बाजूंना भिंत आणि समोर गज. प्राण्याला लपायला जागा नको, कारण लपला तर तिकीट काढून आलेला माणूस नाराज होतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गला कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गजांऐवजी खंदक असलेली मोकळी आवारं करून दाखवली. दिल्लीचं प्राणिसंग्रहालय १९५९ मध्ये उघडलं ते खंदकांच्या पद्धतीचं. मुंबईत मात्र गज राहिले.

त्याला कारणही होतं. १९९१ पर्यंत आपल्या देशात प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळा कायदाच नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि तेव्हापासून कुठल्याही प्राणिसंग्रहालयाला मान्यता घेणं भाग पडलं. २००९ मध्ये या प्राधिकरणानं हत्ती प्राणिसंग्रहालयांत ठेवूच नयेत, असा निर्णय घेतला. शंभर वर्षांच्या सवयीला एका कागदानं छेद दिला. कागदाप्रमाणे सगळं लगेच झालं असं नाही, पण दिशा ठरली.

चारशे कोटींचा आराखडा आणि झाडं

राणीच्या बागेच्या नूतनीकरणाचा पहिला मोठा आराखडा २००७ च्या सुमाराचा. थायलंडशी संबंधित सल्लागार, चारशे कोटींच्या वरचा खर्च आणि आंतरराष्ट्रीय दर्जा अशी त्याची जाहिरात झाली. मुंबईतल्या झाडांवर प्रेम करणाऱ्या काही नागरिकांनी, त्यात बऱ्याच महिला होत्या, तो वाचून काढला. त्यांचं म्हणणं साधं होतं. ही वारसा असलेली वनस्पती बाग आहे, प्राण्यांचे देखावे उभे करायला झाडं आणि मोकळी जागा गेली तर बाग राहणार कुठं? वारसा समितीनंही आडकाठी घेतली. आराखडा कापावा लागला, खर्च खाली आला.

या भांडणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पन्नास एकरांच्या जुन्या बागेत, चारी बाजूंनी शहर चिकटलेलं असताना, मोठे प्राणी मोकळे ठेवायला जागा मुळातच अपुरी असते. पैसा कितीही टाका, जमीन ताणता येत नाही. चेन्नईनं हे ओळखलं आणि १९८५ मध्ये शहरातलं जुनं प्राणिसंग्रहालय उचलून वंडलूरला सहाशे हेक्टरवर नेलं. पुण्यानंही तेच केलं. १९५३ चं पेशवे पार्क आठवतं ना, सारसबागेशेजारचं? तिथले प्राणी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले. ते १९९९ मध्ये सुरू झालं, जागा एकशे तीस एकर, त्यात तळंही आलं. मुंबईनं मात्र जागा न बदलता आत बदल करायचं ठरवलं. शेजारच्या मफतलाल मिलच्या जमिनीवर विस्ताराची योजना पुढं आली, पण मूळ बाग आहे तिथंच आहे.

पेंग्विन : दीड गुंठ्याचा दक्षिण अमेरिका

जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ऑक्टोबरमध्ये त्यातली एक मादी संसर्गानं दगावली. मार्च २०१७ मध्ये दालन खुलं झालं आणि भायखळ्याला रांगा लागल्या. १५ ऑगस्ट २०१८ ला पिल्लू जन्मलं, देशात जन्मलेलं पहिलं पेंग्विन म्हणून बातम्या झाल्या. आठवड्याच्या आत ते गेलं. त्यानंतर मात्र पिल्लं जगली आणि संख्या पहिल्या आठच्या दुपटीपुढं गेली.

हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा. बर्फातला नाही, पण थंड पाण्यातला. त्याच्यासाठी दालनाचं तापमान १६ ते १८ अंश ठेवावं लागतं. मुंबईच्या मे महिन्यात म्हणजे यंत्रं चोवीस तास चालू. २०२१ मध्ये या दालनाच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी पंधरा कोटींची निविदा निघाली तेव्हा पालिकेत चांगलाच गोंधळ झाला. विरोधकांनी खर्चाचं राजकारण केलं, सत्ताधाऱ्यांनी गर्दीचे आणि तिकिटाचे आकडे दाखवले. पुढं तर पेंग्विनच्या पिल्लांना मराठी नावं का नाहीत, यावरही आंदोलन झालं! जागेबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

दालन सतराशे-अठराशे चौरस फुटांचं. आपल्या हिशेबात दीड गुंठ्याच्या आसपास. आठ पक्ष्यांसाठी केलेल्या जागेत पक्षी दुपटीपेक्षा जास्त झाले, तर पुढं काय, हा खरा प्रश्न होता. पिल्लं होतात ही आनंदाची बातमी खरी. पण गोठ्यात चार गाईंची जागा असताना दहा झाल्या तर आपण फोटो काढत बसत नाही, गोठा वाढवतो नाहीतर जनावरं विकतो.

वाघाला दहा गुंठे

फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी राणीच्या बागेत आली. त्याआधी कित्येक वर्षं या बागेत वाघच नव्हता. नवं आवार, काचेची खिडकी, पाण्याचं डबकं, झाडं. पोरं काचेला नाक लावून उभी राहतात आणि वाघ चार फुटांवरून जातो. जुन्या गजांच्या पिंजऱ्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं, यात वादच नाही.

आता मापं बघा. प्राधिकरणाच्या निकषांत वाघाच्या किंवा सिंहाच्या एका जोडीला मोकळं आवार किमान १००० चौरस मीटर. बिबट्याच्या जोडीला ५००. आपल्या भाषेत वाघांच्या जोडीला दहा गुंठे आणि बिबट्यांच्या जोडीला पाच गुंठे. कर्जत-खालापूरच्या वाचकाला हा आकडा समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडच्या फार्महाऊसच्या जाहिराती पाच गुंठे, दहा गुंठे अशाच असतात. मुंबईचा माणूस शनिवार-रविवार काढायला जेवढी जागा घेतो, तेवढ्यात वाघांची जोडी आयुष्य काढते. जंगलात वाघिणीचं क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये मोजतात.

पण त्याहून महत्त्वाचं माप लोकांना दिसतच नाही. बागेचे दरवाजे सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडतात आणि संध्याकाळी बंद होतात. मग वाघ मागच्या खोलीत जातो, ती रात्रीची कोठडी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, म्हणजे चौदा-पंधरा तास, तो तिथं असतो. या कोठडीचं किमान माप निकषांच्या तक्त्यात आहे : लांबी २.७५ मीटर, रुंदी १.८० मीटर, उंची ३ मीटर. साधारण नऊ फूट बाय सहा फूट. चाळीतली मोरी-संडासासकटची खोलीसुद्धा याहून मोठी असते.

हे किमान माप आहे, याच्यावर कितीही मोठी खोली बांधायला कुणाची मनाई नाही. म्हणून नूतनीकरणाचा कस इथं लागतो. समोरच्या काचेवर किती खर्च झाला आणि मागच्या कोठडीवर किती? कोठडीत वारा खेळतो का, आपल्या कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात तिथली फरशी वाळते का, प्राण्याला झोपायला लाकडी फळी आहे का, इलाज करायचा तर भूल न देता त्याला आवळून धरणारा पिंजरा आहे का, दोन प्राणी भांडले तर वेगळे काढायला दुसरी खोली आहे का? ठेकेदाराच्या निविदेत हे मुद्दे असतातही, पण उद्घाटनाच्या फितीत नसतात. पुढारी फीत कापतात ती काचेसमोर.

आणखी एक साधी खूण. प्राणी एकाच रेषेत येरझाऱ्या घालतोय, भिंतीपाशी जाऊन तिथंच वळतोय, मान सारखी हलवतोय, तर तो 'फिरतोय' किंवा 'नाचतोय' असं मुलांना सांगू नये. तो कंटाळून, कोंडून त्या सवयीला लागलेला असतो. चांगल्या प्राणिसंग्रहालयात यावर उपाय करतात. खाणं एका जागी ताटात न देता लपवून ठेवतात, लाकडं-ओंडके बदलतात, वेगळे वास आणतात, अस्वलाला मधाची पोकळ लाकडं देतात. याला कोट्यवधी लागत नाहीत. लागतो तो रोजचा माणूस. प्राण्याला नावानं ओळखणारा, आज त्यानं कमी खाल्लं हे पहिल्यांदा लक्षात येणारा रखवालदार. तो वर्षाला बदलणारा ठेक्यावरचा कामगार असेल तर काच कितीही जाड असली तरी उपयोग नाही.

पिल्लं झाली म्हणजे सगळं ठीक?

नव्या आवाराचं समर्थन करताना नेहमी पिल्लांचा दाखला दिला जातो. राणीच्या बागेतही वाघांना बछडे झाले आणि कौतुक झालं. पण शक्ती-करिश्मा आले ते सिद्धार्थ उद्यानातून. त्या उद्यानातही वाघ चांगले वाढत होते, इतके की दुसऱ्यांना देता आले. आणि त्याच सिद्धार्थ उद्यानाची मान्यता जागा आणि सोयी अपुऱ्या म्हणून २०१८ च्या अखेरीस प्राधिकरणानं काढून घेतली होती. त्याच सुमारास नागपूरच्या महाराजबागेवरही तीच वेळ आली. पुढं दोघांना मुदती मिळाल्या. संभाजीनगरनं मिटमिट्याला शंभर एकरांवर नवं प्राणिसंग्रहालय करायचं ठरवलं आणि ते काम वर्षानुवर्षं चालत राहिलं. वाघ हा बंदिवासात सहज विणारा प्राणी आहे. बछडे झाले यावरून वाघीण सशक्त आहे एवढं कळतं, पिंजरा चांगला आहे हे कळत नाही.

प्राणी मिळवायची पद्धतही वाचकांनी समजून घ्यावी. जंगलातून धरून आणून प्राणिसंग्रहालय भरायचे दिवस गेले. आता प्राधिकरणाच्या परवानगीनं अदलाबदल होते. २०२२ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानानं वाघांची जोडी देऊन जुनागढच्या सक्करबागेतून सिंहांची जोडी आणली. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याला मिळतही नाही. त्यामुळे लहान प्राणिसंग्रहालयं चितळ, मोर, माकडं यांच्यावरच चालतात आणि चितळ वाढत जातात.

लाळ-खुरकत आणि कोंबडी : आपला थेट संबंध

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. हे वाघ माणसांशी संघर्ष झाला म्हणून पकडून आणलेले. जानेवारीत भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला : बर्ड फ्लू. खाण्यातल्या कोंबडीवर संशय गेला आणि राज्यभरातल्या प्राणिसंग्रहालयांना खबरदारीच्या सूचना गेल्या.

जुलै २०२५ मध्ये कात्रजला आठवडाभरात पंधरावर चितळ मेले. तपासणीत निघालं लाळ-खुरकत. आपल्या गोठ्यातला तोच रोग, ज्याची लस पशुवैद्यकीय दवाखाना वर्षातून दोनदा टोचून जातो आणि आपण कधीकधी 'दूध कमी होतं' म्हणून टाळतो. एकशे तीस एकरांच्या, पुण्यासारख्या महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात तो शिरला. वैरणीतून, माणसाच्या बुटांतून, गाडीच्या चाकांतून, बाहेरच्या जनावरांतून, अशा शिरायच्या वाटा पुष्कळ असतात.

कर्जत-खालापुरात कुक्कुटपालनाच्या शेड आहेत, गुरं आहेत. आपल्याला हे सांगायला तज्ज्ञ नको की शेडमध्ये शिरताना पाय बुडवायला औषधाचं पाणी का ठेवतात आणि नवीन पक्षी आठ-पंधरा दिवस वेगळे का ठेवतात. आधुनिक प्राणिसंग्रहालयाची खरी गरज अशी गावठी वाटणारी आहे. नव्या प्राण्यासाठी वेगळी विलगीकरणाची जागा, मांस तपासून आणि ठरावीक ठिकाणाहूनच घेणं, शवविच्छेदनाची खोली, पूर्णवेळ पशुवैद्यक, आसपासच्या गावांतल्या गुरांचं लसीकरण. या गोष्टी पर्यटकाला दिसत नाहीत, म्हणून त्यांना निधी शेवटी मिळतो.

मग आपल्याकडे एखादं प्राणिसंग्रहालय हवं का?

आपल्याकडे पर्यटन वाढतंय. मुंबई-पुण्याच्या मधोमध आहोत, द्रुतगती मार्ग आहे, पनवेल-कर्जत नवी लोकल मार्गी लागतेय. तेव्हा 'आपल्याकडेही एक छोटंसं प्राणिसंग्रहालय झालं तर रोजगार येईल' हे वाक्य कधी ना कधी कुणाच्या तरी भाषणात येणारच. आमचं मत स्पष्ट आहे : नको. निदान छोटंसं तर नकोच. महाराष्ट्रातल्या छोट्या प्राणिसंग्रहालयांचं काय झालं ते वर आलंच. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या उत्पन्नात वाघ सोडा, चितळांचा कळपही नीट सांभाळता येत नाही. गोरेवाड्याला एकोणीसशे हेक्टरांवर जागा आहे, २६ जानेवारी २०२१ ला सफारी सुरू झाली, मागं राज्य सरकार उभं आहे, तरी वरचा प्रसंग ओढवला.

पण एक छुपं प्राणिसंग्रहालय आपल्याकडे आधीच वाढतंय. फार्महाऊस आणि रिसॉर्टवर पाहुण्यांच्या पोरांसाठी 'मिनी झू' ठेवायची टूम निघालीय. ससे, बदकं, शेळ्या असतील तर प्रश्न नाही. इमू, परदेशी पोपट, इगुआना इथपासून प्रश्न सुरू होतात आणि आपला साधा कंठवाला पोपट पिंजऱ्यात असेल तर थेट गुन्हाच होतो, तो पाळायला कायद्यानं बंदी आहे. वन्यप्राणी लोकांना दाखवायला ठेवायचे तर प्राधिकरणाची मान्यता लागते, ती नसताना प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही, असं वन्यजीव कायद्याचं कलम ३८-एच सांगतं. परदेशी दुर्मीळ जातींची नोंद परिवेश पोर्टलवर करायचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. किती रिसॉर्टवाल्यांना हे ठाऊक आहे? बांधकाम परवानगी देताना, वार्षिक घरपट्टी लावताना ग्रामपंचायतीनं 'पिंजऱ्यात काय आहे' एवढं विचारलं तरी बरंच काम होईल. कुणाला त्रास द्यायचा म्हणून नव्हे. उद्या एखाद्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना रोग लागला तर शेजारच्या कुक्कुटपालकाची शेड जाणार आहे, रिसॉर्टची नाही.

खरी गरज : उपचाराची खोली

आपल्याकडे कमी आहे ती वेगळीच गोष्ट. भीमाशंकर अभयारण्याचा पश्चिमेकडचा उतार कर्जत तालुक्यात उतरतो. माथेरानचा परिसर २००३ पासून पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आहे. खालापूरच्या डोंगररांगांतून द्रुतगती मार्ग जातो. बिबट्या, भेकर, तरस, साळींदर, उदमांजर, शेकरू, सगळे इथं आहेत आणि रस्ते वाढताहेत, वसाहती वाढताहेत. रात्री गाडीखाली आलेलं भेकर, विहिरीत पडलेलं रानमांजर, संक्रांतीच्या मांज्यानं पंख कापलेली घार, वणव्यातून निसटलेला अजगर. सर्पमित्र आणि वन विभागाचे कर्मचारी धावतात, पण पुढं न्यायचं कुठं? गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींची सोय, वन्यप्राण्याला ठेवायला जागा नाही. बिबट्यासारखा मोठा प्राणी असेल तर बोरिवली किंवा पुण्याकडे न्यावा लागतो. जखमी प्राण्यासाठी ते दोन-तीन तास म्हणजे बहुतेक वेळा निकालच.

नागपूरला सेमिनरी हिल्सवर २०१५ पासून वन विभागाचं तात्पुरत्या उपचाराचं केंद्र आहे. तिथं प्राणी येतो, बरा होतो, शक्य असेल तर परत जंगलात सोडला जातो. प्रेक्षक नाहीत, तिकीट नाही, काच नाही. एक शस्त्रक्रियेची खोली, काही विलगीकरण कोठड्या, पक्ष्यांना उडायचा सराव देणारा लांब जाळीचा पिंजरा, एक पशुवैद्यक, एक गाडी आणि प्रशिक्षित माणसं. राणीच्या बागेच्या एका दालनाच्या देखभालीला तीन वर्षांत जेवढे पैसे लागतात, त्याच्याहून बऱ्याच कमी पैशांत असं केंद्र इथं उभं राहू शकतं, असं आम्हाला वाटतं. जिल्हा वार्षिक योजनेत वन विभागासाठी तरतूद असते. पाताळगंगा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना सामाजिक दायित्वाचा निधी खर्चायचाच असतो, तो दरवर्षी छत्र्या आणि दप्तरांवरच का जावा?

माणसांचा प्रश्न तर आपल्याकडे सुटलेलाच आहे. कातकरी आणि ठाकूर वाड्यांमधल्या तरुणांना जनावराचा माग, त्याचं खाणं, त्याची वेळ यांची जी जाण आहे ती कुठल्याही पदविकेत मिळत नाही. त्यांना प्रशिक्षण आणि कायम वेतन देऊन अशा केंद्रात घेतलं तर जंगलातून गुपचूप काही आणून विकण्यापेक्षा ते नक्कीच बरं.

अशी सरकारी सोय जवळ नसली की काय होतं, हे कोल्हापूरकरांनी २०२५ मध्ये पाहिलं. नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जुलैमध्ये जामनगरच्या वनतारात गेली आणि गावंच्या गावं रस्त्यावर आली. हत्तिणीला उपचार हवेत हे एका बाजूनं, ती आमची आहे हे दुसऱ्या बाजूनं. दोन्हीकडे सच्चेपणा होता. राज्यात, त्यातही जवळ, भरवशाचं केंद्र असतं तर वाद इतका टोकाला गेला नसता.

सहलीला जायचं तर जाच

हे सगळं वाचून कुणी राणीच्या बागेची सहल रद्द करू नये. मोठ्यांना पन्नास, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना पंचवीस, आईवडील आणि दोन मुलं असं कुटुंब असेल तर शंभर रुपये, असे दर २०१७ मध्ये ठरले होते. निघण्याआधी आजचे दर विचारून घ्यावेत. बुधवारी बाग बंद असते, हे विसरून परत आलेल्या सहली कमी नाहीत. झाडं बघावीत, घारापुरीचा हत्ती बघावा आणि वाघासमोर पोरांना दहा मिनिटं गप्प उभं करावं. तो येरझाऱ्या घालतोय की निवांत पडलाय, लपायला त्याला आडोसा आहे का, पाणी स्वच्छ आहे का, रखवालदार कुठं दिसतोय का, हे त्यांनीच वहीत लिहावं.

लहान वर्गांना एवढ्या लांब न्यायचं नसेल तर मोहोपाड्याहून कर्नाळा अभयारण्य जवळ आहे. १९६८ मध्ये जाहीर झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरही नव्हतं, २००३ मध्ये ते बारा चौरस किलोमीटरवर गेलं. पक्षी दिसतील याची हमी तिथं कुणी देत नाही. सकाळी सातच्या आत पोचलं तर बरेच ऐकू मात्र येतात.

आणि वाटेत, शेतात, विहिरीत जखमी वन्यप्राणी दिसला तर त्याला पाणी पाजायला, उचलायला, फोटोसाठी घेराव घालायला जाऊ नका. वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. तिथं गावाचं नाव, जवळची खूण आणि प्राणी हलतो आहे की नाही, एवढं सांगा. तालुक्यात उपचार केंद्र व्हावं असं वाटणाऱ्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत ठराव घेऊन त्याची प्रत उपवनसंरक्षक आणि जिल्हा नियोजन समितीकडे पाठवावी. वार्षिक योजनेचे प्रस्ताव तयार होण्याआधी तो तिथं पोचला तर निदान पटलावर येईल.